स्लो धरत नाही

चालता चालता गाडी बंद पडली तर लोक धक्का मारायला येतात. उभ्या उभ्या ती वेड्यासारखी वागू लागली तर सल्ले द्यायला येतात. माझी गाडी दुसऱ्या पंथातली. रस्त्याला लागली की तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. चौथ्या गिअरमध्ये साठ-सत्तरच्या वेगाने ती इतकी गुणी वागते की शेजारी बसलेल्याला तिच्या वयाचा विसर पडावा. सिग्नलला थांबली की मात्र वय बाहेर पडतं. इंजिनाने मिनिटाला आठशे-नऊशे फेऱ्यांवर शांत बसायचं (यालाच स्लो धरणं किंवा आयडलिंग म्हणतात), ते सोडून ते दीड हजारावर चढतं, तिथून धाडकन सातशेवर येतं, आता बंद पडणार म्हणून आपण श्वास रोखतो, तेवढ्यात पुन्हा चढतं. पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच. पण हे शेजारच्या मोटरसायकलवाल्याला कुठे माहीत? त्याला वाटतं, हे काका शर्यत लावायच्या बेतात आहेत. एका-दोघांनी उलट रेस देऊन आव्हान स्वीकारलंही आहे. सिग्नल सुटल्यावर ते सुसाट गेले आणि मी बायकोच्या नजरेसमोर सावकाश दुसरा गिअर टाकला.

गाडी नव्वदच्या दशकाच्या अखेरची, पेट्रोल इंजेक्शन आपल्याकडे नुकतं रुळत होतं तेव्हाची. म्हणजे मधल्या पिढीतली. कार्बोरेटर नाही म्हणून जुने मिस्त्री तिला आपली मानत नाहीत, आणि हल्लीचा स्कॅनर जोडायचं सॉकेट नाही म्हणून नवे मानत नाहीत. कंपनीचं नाव सांगत नाही. एवढ्या वर्षांनी रबर तडकलं, याचा जाब कोणत्याही कारखान्याला विचारता येत नाही.

इंजिनाला सगळ्यात अवघड काम कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण घाटाचं नाव घेतील. घाट सोपा असतो. थ्रॉटलची झडप उघडी, हवा भरपूर, पेट्रोल भरपूर. नुसता जोर लावायचा. अवघड असतं ते काहीच न करणं. सिग्नलला ती झडप जवळजवळ मिटते. उरते केसभर फट आणि बाजूने काढलेली एक अरुंद वाट. तेवढ्या हवेवर इंजिनाने स्वतःला चालतं ठेवायचं, शिवाय दिवे, पंखा आणि एसीचा कॉम्प्रेसर ओढायचा. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे माप, आणि एवढ्याशा शिध्यात ते माप पाळणं कठीण. त्यातच मिटलेल्या झडपेच्या मागे, मॅनिफोल्डमध्ये, चांगलीच निर्वात ओढ तयार झालेली असते. पाऱ्याच्या मापाने १८ ते २० इंच. ही ओढ मिळेल तिथून हवा घ्यायला टपलेली असते. एखादी रबरी नळी भेगाळली, एखादं गॅस्केट सुकलं, की तिथून फुकटची हवा आत. वेगात असताना तिचा उपद्रव जाणवत नाही, कारण झडपेतून येणारी हवा तिच्या कितीतरी पट असते. उभं राहिल्यावर मात्र ती एकूण मालात मोठी भागीदार होऊन बसते. म्हणून हा रोग हायवेवर दिसत नाही आणि लक्ष्मी रोडवर दिसतो.

आता सल्ल्यांकडे वळू. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडणं हा सार्वजनिक कार्यक्रम आहे. उघड्या बॉनेटवरून सरळ पुढे निघून जाणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. दूध आणायला निघालेला थांबतो, ऑफिसला उशीर झालेला थांबतो, ज्याच्याशी पाण्याच्या टाकीवरून आपलं बोलणं बंद आहे तोही थांबतो. आणि प्रत्येक जण निदान करतो ते स्वतःच्या मागच्या गाडीच्या आजाराचं. ज्याचे प्लग गेले होते तो प्लग सांगतो. ज्याच्या टाकीत भेसळीचं पेट्रोल गेलं होतं तो पंप बदलायला सांगतो. ज्याने नुकतीच नवी गाडी घेतली आहे तो विकायला सांगतो. मी सगळ्यांना ‘बघतो’ म्हणतो. पुण्यात हे उत्तर पुरतं.

यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं ऐकावं लागतं, कारण त्यांनी बावीस वर्षं पद्मिनी चालवली आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ती गाडी. तिच्याबद्दल ते बोलू लागले की जिन्यात माणसं बसून घेतात. मे महिन्यात बोरघाटात पेट्रोल पंपाची नळी तापून आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी उसासे टाकून थांबायची. मग त्या पंपावर ओलं फडकं टाकून सगळ्या कुटुंबाने कडेला बसून पोळी-भाजी खायची. मुंबईत ट्यून केलेली गाडी महाबळेश्वरला नेली की वेण्णा लेकपाशी स्लो धरत नसे, कारण साडेचार हजार फुटांच्या आसपास हवा विरळ आणि जेटमधून पेट्रोल मात्र मुंबईच्याच हिशेबाने. स्लो जेटमध्ये कचरा अडकला तर तो काढून तोंडाने फुंकर मारायची. तार खुपसायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग जन्मभर गाडी पेट्रोल पिते. मिक्श्चरचा स्क्रू आत हलकेच टेकेपर्यंत फिरवायचा, तिथून दीड फेरा बाहेर घ्यायचा, आणि पुढचं पाव-पाव फेऱ्याचं काम कानाने करायचं. हे सगळं खरं आहे आणि कार्बोरेटरच्या गाडीला आजही लागू आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही तेव्हा काकांनी त्या दिवसाचं वर्तमानपत्र जपून ठेवलं.

अडचण एवढीच की माझ्या गाडीत काकांना फिरवायला स्क्रू नाही. म्हणजे एक आहे. थ्रॉटलच्या बुडाशी, झडप किती मिटावी हे ठरवणारा, आणि त्याच्या डोक्यावर कारखान्याने पिवळ्या रंगाचा ठिपका टाकून ठेवलेला. हा ठिपका म्हणजे हात लावू नये अशी सूचना. पण स्क्रू ड्रायव्हर हातात असलेल्या मराठी माणसाला ती आमंत्रण वाटते. ‘अहो, अर्धा फेरा देऊन तर बघा,’ काका म्हणाले. तो अर्धा फेरा दिला की काय होतं, ते मला नंतर मिस्त्रींनी सांगितलं. झडप किंचित उघडी राहते, फेऱ्या हजार-बाराशेवर जातात, गाडी बंद पडायची थांबते आणि मालक खूश होतो. पण झडपेपाशी बसवलेला सेन्सर कॉम्प्युटरला सांगू लागतो, पाय ॲक्सिलरेटरवर आहे. कॉम्प्युटर म्हणतो, मग माझं इथे काय काम? तो आयडलिंग सांभाळणंच सोडून देतो. मूळ रोग तसाच, वर नवा. मिस्त्रींच्या गॅरेजचा अलिखित नियम आहे म्हणे: पिवळा ठिपका तडकलेला असेल तर बिल जास्त.

मिस्त्रींकडे पोचण्याआधी मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो होतो. काचेचं ऑफिस, कॉफीचं मशीन, गाडीचा मालक गाडीपासून शक्य तितका लांब बसेल अशी व्यवस्था. टॅब्लेट घेतलेला एक नम्र मुलगा डॅशबोर्डखाली वाकून सॉकेट शोधत राहिला. बराच वेळ त्याचे फक्त बूट दिसत होते. शेवटी बाहेर येऊन म्हणाला, ‘सर, हिला तोंडच नाहीये.’ त्याचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे गाड्यांत हे निदानाचं सॉकेट सक्तीचं व्हायला २०१० नंतरचा काळ उजाडला. त्याआधीच्या इंजेक्शनच्या गाड्या आपलं दुखणं वेगळ्या तऱ्हेने सांगतात. बऱ्याच गाड्यांत एका छोट्या कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा किती वेळा मिचकतो ते मोजायचं. लांब मिचकणं म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. एवढं माहीत नसल्याने वर्कशॉपने सरळ आयडलिंगचा व्हॉल्व्ह, थ्रॉटल बॉडी आणि जमल्यास कॉम्प्युटर बदलण्याचा अंदाज काढून दिला. तो आकडा पाहून मला आधी वाटलं, सोबत गाडीही देणार असतील.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक शटर, एक खड्डा आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पान्हे. त्यांनीही तार लावून दिव्याचं मिचकणं मोजलं. दिव्याने ‘सगळं ठीक’ सांगितलं. मला वाईट वाटलं, त्यांना बरं वाटलं. ‘म्हणजे वायरीत काही नाही. आता रबर बघू,’ ते म्हणाले. ही गोष्ट मला मोलाची वाटते. कॉम्प्युटरला तेच कळतं जे वायरीतून येतं. सेन्सर तुटला तर तो ओरडेल. पण नळी फाटली तर त्याला फक्त एवढंच दिसतं की आज हवा जरा जास्त आहे, आणि तो बिचारा त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल इमानदारीने सोडत राहतो.

त्यांचा पहिला प्रश्न मात्र रबराबद्दल नव्हता. ‘साहेब, पाणी कधी बघितलंत?’ हंटिंगचा, म्हणजे फेऱ्यांच्या या वर-खाली नाचण्याचा, आणि रेडिएटरच्या पाण्याचा काय संबंध, असं मला वाटलं. संबंध आहे, आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. त्या काळच्या बऱ्याच जपानी घडणीच्या इंजिनांत सकाळी थंडीत फेऱ्या वाढवायला एक वेगळी झडप असते, आणि ती चालते मेणावर. पितळेच्या डबीत मेण भरलेलं. डबीच्या भोवतीने इंजिनाचं पाणी फिरतं. पाणी गार असताना मेण आखडलेलं, झडप उघडी, जादा हवा आत, इंजिन जरा जोरात. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं आणि दांडी रेटून झडप मिटवतं. ना वायर, ना सेन्सर. आता पाणी कमी झालं, तर त्या उंचावरच्या वाटेत हवेचा बुडबुडा अडकतो. इंजिन चटके बसण्याइतकं गरम, पण डबीला गरम पाणी शिवतच नाही. मेणाच्या मते अजून पहाट आहे. झडप उघडी राहते आणि गाडी वर-खाली करू लागते. अशा गाडीला लिटरभर कूलंट घालून, आतली हवा काढून दिली की ती बरी होते. याच दुखण्यावर व्हॉल्व्ह बदलून घेतलेली माणसं मिस्त्रींनी पाहिली आहेत. व्हॉल्व्ह बदलताना कूलंट पुन्हा भरलं जातं, म्हणून गाडीही बरी होते आणि श्रेय व्हॉल्व्हला जातं.

माझ्या गाडीत पाणी पुरेसं होतं. मग त्यांनी ब्रेक बघितला. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, दाबून धरायचं आणि चावी मारायची. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर ब्रेकचा बूस्टर ठीक. बूस्टरचा पडदा फाटला असेल तर ब्रेक दाबताच फेऱ्या बदलतात, आणि तो हंटिंगपेक्षा फार गंभीर मामला. तेही ठीक निघालं. त्यानंतर इंजिन चालू ठेवून त्यांनी पाण्याची जुनी बिसलेरीची बाटली घेतली. झाकणाला सुईने भोकं पाडलेली. एकेका नळीच्या जोडावर ते थोडं पाणी उडवत आणि मान तिरकी करून ऐकत. फट असेल तर पाणी आत ओढलं जातं, ती क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. मॅनिफोल्डचं गॅस्केट, काही नाही. बूस्टरची नळी, काही नाही. इंजिनाच्या डोक्यावरून तेलाची वाफ परत आत नेणारी एक वाकडी, कोपरासारखी नळी असते. तिच्या खालच्या बाजूला पाणी पडलं आणि इंजिनाने एक उचकी दिली.

मिस्त्रींनी बाटली खाली ठेवली. हात मागे घालून, न बघता, नळीच्या पोटावर अंगठा दाबला. इंजिन आठशे-नऊशेवर येऊन बसलं. मला कित्येक महिन्यांत न ऐकलेली शांतता ऐकू आली. अंगठा काढला, रेस चढली. पुन्हा दाबला, बसली. त्यांनी हे मला तीन-चारदा करून दाखवलं. एवढी गरज नव्हती, पण त्यांनाही मजा वाटत असावी. मग नळी काढून ती माझ्यासमोर वाकवली. वरून काळी, गुळगुळीत, निर्दोष. वाकवल्यावर पोटाकडे नखभर लांबीची भेग उघडली, आणि त्यांच्या अंगठ्यावर रबराची काळी भुकटी उतरली.

ही नखभर भेग इंजिनाला नुसतं जोरात चालवून का थांबत नाही, वर-खाली का नाचवते, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर समजलं आणि मला कॉम्प्युटरची दया आली. भेगेतून जादा हवा येते, तिला जोड म्हणून पेट्रोल जातं, फेऱ्या वाढतात. कॉम्प्युटर आयडलिंगची वाट आवळतो, पार बंद करतो, तरी फेऱ्या चढलेल्याच. आता त्याच्यापुढे दृश्य असं: पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन तर जोरात फिरतंय. असं केव्हा होतं? गाडी उतारावरून खाली येत असताना. त्याचा समज होतो की आपण घाट उतरतोय, आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायचं ही त्याला शिकवण. तो पेट्रोल तोडतो. फेऱ्या कोसळतात. बंद पडायच्या आत तो घाईने पेट्रोल पुन्हा सोडतो. फेऱ्या चढतात. गाडी पार्किंगमध्ये विटेला चाक टेकवून उभी, आणि तिच्या डोक्यात ती मिनिटाला कितीतरी वेळा खंबाटकी उतरते आहे.

हा घोळ कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला: वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफ कमी होते, वेग घटला की उलट. कल्पना नामी, पण पुढे काही इंजिनं या गव्हर्नरसकट नाचू लागली. वेग सारखा दुरुस्त होत राही आणि सारखा चुकत राही. आमटी खारट लागली म्हणून पाणी ओतावं, पांचट झाली म्हणून मीठ टाकावं, आणि खरी चव मात्र उकळी फुटल्यावरच कळावी, तसं. दुरुस्ती बरोबर असते, उशिरा पोचते. विद्युतचुंबकीय समीकरणांच्या मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरांवर एक निबंध लिहिला आणि गणिताने दाखवलं की कोणत्या अटीत ही डगमग आपोआप विरते आणि कोणत्या अटीत ती वाढत जाते. स्वयंनियंत्रणाच्या शास्त्राची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. एवढ्या मोठ्या माणसाने ज्यावर डोकं घातलं त्या प्रश्नाने सिग्नलला माझी शोभा केली, यात मला थोडा सन्मानच वाटतो. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘मॅक्सवेलकडे पद्मिनी नव्हती.’

नळी नाना पेठेत मिळाली. दुकानदाराने जुनी नळी हातात घेतली, माळ्यावर चढला, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची, पण नेमकी तशीच वाकलेली नळी घेऊन उतरला. किंमत दोन माणसांच्या मिसळीपेक्षा कमी.

एक गोष्ट मात्र जुन्या गाडीवाल्यांनी मनात धरावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पूर्वी उसावर फक्त साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी चालायची. आता सगळ्यांचीच चालते. इथेनॉल पाणी धरतं, स्वतःसोबत ऑक्सिजन आणतं म्हणून मिश्रण थोडं पातळ करतं, आणि जुन्या गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या, पडदे, वॉशर त्याच्या हिशेबाने केलेले नव्हते. कार्बोरेटरची गाडी अलीकडे स्लो धरेनाशी झाली असेल तर जेटइतकाच संशय या रबरावर घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आणि बॅटरी बदलल्यावर लगेच आयडलिंग बिघडलं तर घाबरू नका. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत कॉम्प्युटर शिकलेलं विसरतो, थोडं चालवल्यावर पुन्हा शिकतो.

तुमच्याही गाडीला हे दुखणं असेल तर आधी बॉनेट स्वतः उघडून बघा. शक्यतो दुपारी एक ते चार, म्हणजे सल्लागार झोपलेले असतात. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. रबराच्या नळ्या वरून पाहू नका, वाकवून पाहा. भेग शोधायला साधं पाणीच वापरा, तेही प्लग-कॉइलच्या वायरींपासून लांब. स्प्रेच्या डब्यातले क्लीनर तापलेल्या एक्झॉस्टवर पेट घेतात. ओढणी, टाय, सदऱ्याची बाही पंख्यापासून दूर ठेवा. विजेवरचा पंखा न सांगता सुरू होतो. पिवळ्या ठिपक्याला हात लावू नका. आणि पाणी बघायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावर; गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.